गिअर बदललेला कळता कामा नये

जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एकाची वायर भिंतीत, दुसऱ्याची मोकळी.

डावा गुडघा. उजव्याला काहीही झालेलं नाही.

शाळेच्या बसमधलं शेवटचं बाक. त्यावर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं एक पोर. बाकी बस रिकामी.

एक दार. बंद असलं की बाथरूमचं, उघडलं की आणखी कशाचं तरी.

काळ्या कापडाची पट्टी, मागे इलॅस्टिक.

"गाडी निवडायची म्हणजे काय, चष्मा निवडण्यासारखंच आहे! तू निर्धास्त राहा. माझ्या हातून आजवर कोणालाही चुकीचा नंबर लागलेला नाही!"

हे शेवटचं वाक्य चष्मेवाल्यांचं. आणि गोष्टही त्यांचीच.

चष्मेवाल्यांचा सगळा जन्म लोकांच्या नाकावरची भिंगं बदलण्यात गेला होता. "आता बरं दिसतं? की आता?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवर असा काही बसला होता की दुकान विकलं तरी तो काही खाली उतरेना. सकाळी चहाचे दोन कप समोर आले की, "हा बरा? की हा?" झोपताना उशी, "ही बरी? की ती?" मुलीने लग्नाआधी जावयाला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा हे त्याला नीट न्याहाळून म्हणाले होते, "दुसरा दाखव, मग सांगतो!"

त्यांचा स्वतःचा डावा डोळा मात्र लहानपणापासून अधू. त्यामुळे गाडी चालवणं हा प्रांत पहिल्यापासून बायकोचा. आणि बायको म्हणजे साधीसुधी चालक नव्हे! शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. पोरं तिला बसमावशी म्हणायची, पोरांचं ऐकून त्यांचे आईबाप म्हणायला लागले, मग गल्ली म्हणायला लागली, आणि शेवटी बँकेतला माणूससुद्धा काचेआडून "बसमावशी, सही राहिली!" असं ओरडायला लागला.

दोघांचा बेत जुना होता. काम संपलं की एक कॅम्पर घ्यायची. आत पलंग, शेगडी, बेसिन, बाथरूम, आणि मग रस्ता नेईल तिकडे जायचं. काम संपलं. आणि नेमका त्याच वेळी बसमावशीचा डावा गुडघाही संपला! सगळी नोकरी क्लच दाबण्यात गेलेली. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "यापुढे क्लच बंद."

ही बातमी मुलीला कळली. तिचा फोन लगेच.

"आई, आता फिरणंबिरणं पुरे. तुम्ही दोघं इकडेच या. मागची खोली देते ना आवरून."

"कुठली मागची खोली गं?"

"अगं, वॉशिंग मशीन आहे ती."

त्या खोलीचं नाव निघालं की दोघंही विषय बदलायचे. मुलगी गुणाची, जावई शांत, नातवंडं गोड, त्यात वाद नाही. पण एकदा त्या खोलीत गेलं, की रस्ता खिडकीतूनच बघायचा, आणि तोही मशीन फिरत असताना हलणारा!

म्हणून ऑटोमॅटिक. बसमावशीला ते पटलेलं नव्हतं.

"गिअर गाडीच बदलणार, मग मी पुढे बसून काय करू? पोरांना टाटा?"

"तू फक्त चालव. निवड माझ्यावर सोड," चष्मेवाले म्हणाले, आणि कामाला लागले.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच काहीतरी असेल अशी त्यांची समजूत होती. निघाले तीन प्रकार! मग काय, माणूस हरखलाच. त्यातला जुना, तेलावर चालणारा प्रकार समजावा म्हणून त्यांनी घरातले दोन्ही टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एक चालू केला. दुसऱ्याची वायर सुटी, तरी समोरच्या वाऱ्याने तो हळूहळू फिरायला लागला.

"बघ, बघ! कोणी कोणाला हात लावलेला नाही, तरी फिरतोय! इंजिन म्हणजे हा पंखा, चाकं म्हणजे तो. मधे वाऱ्याऐवजी तेल, एवढाच फरक. आणि आता गंमत बघ." त्यांनी दुसऱ्या पंख्याच्या पात्यावर बोट ठेवून तो थांबवला. "याला धरून ठेवला. तो बंद पडला का? नाही पडला! आपला फिरतोय, वाट बघत. बोट काढलं, की परत सुरू!"

"तो पंखा द्या इकडे," बसमावशी म्हणाली, "मला उकडतंय."

प्रयोगाचा सर्वात महत्त्वाचा भाग तेवढ्यात संपला. तो तिने ऐकला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं.

*

जुन्या कॅम्पर विकणाऱ्याचं आवार गावाबाहेर होतं. लांबच लांब, सपाट, दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाड्यांच्या रांगा, मधे रस्ता. विकणारा तरुण होता आणि त्याने टाय लावला होता. एवढ्या धुळीत टाय लावणारा माणूस एक तर फार प्रामाणिक असतो किंवा आदल्या दिवशीच नोकरीला लागलेला असतो.

"या सर, या मॅडम! कशी गाडी हवी?"

"गाडी कशीही चालेल," चष्मेवाले म्हणाले. "गिअर बदललेला कळता कामा नये."

टायवाल्याने मान डोलावली. मग चष्मेवाल्यांनी खिशातून काळी पट्टी काढून डोळ्यांवर चढवली, आणि त्याची मान मधेच थांबली.

"हे... सर?"

"डोळे उघडे असले की मन लबाडी करतं! पडदे आवडले की गिअरही आवडतो. मी मागे बसणार, हातात काठोकाठ पाणी भरलेला पेला धरणार. ही चालवणार. पाणी सांडलं की गाडी नापास."

"मॅडम, सर नेहमीच..."

"नेहमीच," बसमावशी म्हणाली. "चावी द्या."

पहिली गाडी. आत साधा हाताचाच गिअर, फक्त क्लच दाबायला यंत्र बसवलेलं. गाडी निघाली, वेग आला, आणि गिअर बदलताना तिने अशी काही मान टाकली की जणू वर्गात डुलकी लागलेला पोरगा! दर गिअरला एक डुलकी. पेल्यातलं अर्धं पाणी चष्मेवाल्यांच्या मांडीवर, उरलेलं टायवर.

"शिकाऊ आहे," बसमावशीने पुढून निकाल दिला. "क्लच माझ्यासारखाच दाबतोय, पण घाबरत घाबरत."

दुसरी गाडी. इथे टायवाला खुलला. "सर, यात दोन क्लच. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो. गाडी आधीच ठरवून ठेवते, तुम्हाला पुढे काय लागणार!"

"म्हणजे विचारायच्या आधी उत्तर तयार?"

"एक्झॅक्टली सर!"

"आमच्या घरी आहे असा एक," बसमावशी म्हणाली.

मोठ्या रस्त्यावर ही गाडी लोण्यासारखी पळाली. एक थेंब नाही! चष्मेवाले पट्टीआडून हसायला लागले. पण आवारात परत येताना, रांगांमधून मुंगीच्या पावलांनी जायची वेळ आली, तेव्हा तिला उचक्या लागल्या. पुढचा गिअर लावू की मागचा, तिचं काही ठरेना. तीन उचक्यांत पेला रिकामा.

"पहिली बरी? की दुसरी?" चष्मेवाल्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि स्वतःच म्हणाले, "तिसरी दाखवा."

तिसरी सर्वात जुनी. हिच्यात तेलवाला गिअर.

"हा कसा चालतो सांगतो सर. समजा, दोन पंखे समोरासमोर..."

"समजा कशाला? घरी लावून आलोय!" चष्मेवाले म्हणाले आणि पेला पुन्हा भरून घेतला.

आणि काय सांगावं! गाडी निघाली कधी, कळलं नाही. वेग आला कधी, कळलं नाही. पेल्यातलं पाणी देवासमोर ठेवल्यासारखं स्तब्ध. चष्मेवाले श्वास रोखून बसले. पट्टीआड त्यांना रस्ते दिसायला लागले, डोंगर, वळणं, संध्याकाळी कुठल्यातरी तळ्याकाठी लावलेली गाडी, आणि वॉशिंग मशीनचा आवाज कुठेच नाही!

आवाराच्या मधल्या रस्त्यावर, गतिरोधकाच्या अलीकडे, बसमावशीने गाडी थांबवली.

इथे क्षणभर आपणही थांबू. कारण बसमावशीची गाडी थांबवायची एक खास पद्धत होती, आणि तिच्यावाचून ही गोष्ट घडली नसती.

तिच्या जुन्या बसचा हॅन्डब्रेक केवळ शोभेचा होता. म्हणून शेवटच्या थांब्यावर ती ब्रेक मारायची, गिअर तसाच ठेवायची आणि क्लचवरचा पाय सरळ उचलायची. बस एक जोराचा गचका देऊन जागीच बंद पडायची आणि गिअरच्या जोरावर खिळल्यासारखी उभी राहायची. मग बसमावशी उठायची आणि थेट शेवटच्या बाकापर्यंत चालत जायची. कारण एकदा, नोकरीच्या सुरुवातीला, त्या बाकावर एक पोर झोपलेलं राहिलं होतं. डेपोचं फाटक लागलं होतं, आणि ती घरी निघाली होती. त्या दिवसापासून काहीही होवो, पावसात, तापात, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा, बस थांबली की बसमावशी शेवटच्या बाकापर्यंत जाणारच.

तर तिने ब्रेक मारला. गाडी थांबली. गिअर तसाच ठेवला. डावा पाय नसलेल्या क्लचवरून उचलला. उजवा पाय ब्रेकवरून काढला.

गचका बसला नाही.

पण आज सकाळपासून गचका न बसण्याचंच तर कौतुक चाललं होतं! तिला वाटलं, अरे वा, ही बंदसुद्धा गुपचूप पडते. पुढची चाकं गतिरोधकाला टेकून होती, इंजिनाचा आवाज मांजराच्या घुरघुरण्याएवढा. बसमावशी उठली आणि मागे निघाली.

"मॅडम, आलोच मीही!" शेजारी बसलेला टायवाला लगबगीने तिच्या मागून आला. "एक शेवटचं फीचर दाखवायचं राहिलं. हे बघा, बाथरूमचं दार. पूर्ण उघडलं की ते समोरच्या भिंतीला लागतं, आणि पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा! पडदा नको, काही नको."

खटक!

"आणि हा मागचा एसी."

त्याने बटण दाबलं. एसीचा भार पडला तसं इंजिनाने किंचित श्वास ओढला. तेवढा जोर पुरला. गाडी गतिरोधक चढली, उतरली आणि निघाली.

*

पुढे :

कोणी नाही. स्टिअरिंग सरळ. गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये. आरशाला टांगलेलं सुगंधी झाड हळूहळू डोलतंय.

मागे :

"वा!" चष्मेवाले म्हणाले. "वा, वा, वा! हे बघ, हे खरं चालवणं! आत्ता निघालीस ना, कळलंसुद्धा नाही! गतिरोधकावर फक्त दोन थेंब! सकाळपासून एवढी छान तू एकदाही चालवली नव्हतीस!"

"अहो."

"बोलू नकोस, लक्ष पुढे ठेव! असाच वेग ठेव. हा... असाच!"

"अहो, मी इथे आहे."

"हो गं, तू आहेस म्हणून तर..."

"इथे म्हणजे तुमच्या शेजारी!"

चष्मेवाल्यांनी मोकळ्या हाताने शेजारी चाचपून पाहिलं. मग त्यांनी अत्यंत कुतूहलाने विचारलं, "मग चालवतंय कोण?"

बाहेर :

आवाराच्या टोकाला बस आणि ट्रक धुण्याचा बोगदा होता. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ब्रश, वरून नळ्या, खाली चाकं सरळ ठेवायला लोखंडी पट्ट्या. बोगद्याच्या तोंडाशी गमबूट घातलेली एक बाई गाड्यांना हात दाखवत उभी होती.

"या, या! सरळ या! काचा वर घ्या!"

पांढरी कॅम्पर सरळ आली. काचा वर घेतल्या नाहीत.

"अहो, काचा! बहिरे आहात का? न्यूट्रलला टाका!"

कॅम्पर तिच्यासमोरून गेली. गमबूटवालीने आत पाहिलं. पुढे धावून दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग तिने बोगद्याच्या दिशेने एवढ्या जोरात बोंब ठोकली की पलीकडच्या टायरच्या दुकानातला माणूस जॅकवरच्या गाडीखालून बाहेर आला.

"गाडीत कोणी नाहीऽऽ!"

मागे :

"आहोत की!" तिघंही ओरडले.

"दार उघडा!" बसमावशी म्हणाली.

"उघडतो मॅडम, एका सेकंदात!" टायवाल्याने दाराचा खटका ओढला. खटका त्याच्या हातात आला. त्याने तो सगळीकडून निरखला आणि परत जागेवर लावून पाहिला. खटका जागेवर राहिला. दारही.

"काकू, हे आधी असं नव्हतं!"

"मगाशी मॅडम होते!"

"खिडकीतून उडी मारू का?"

"मारा! मग पळत पुढे जा आणि ब्रेक दाबा!"

टायवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. टायही बाहेर लोंबला. समोर ब्रश फिरायला लागलेला दिसला तसा तो डोक्यासकट, टायसकट आत आला. "बाबा! ओ बाबा! डोळ्यांवरचं ते काढा, आपण धुतले जातोय!"

"मला एक सांगा," चष्मेवाले अजून पेला सांभाळत होते. "ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, तरी ही चालते कशी? म्हणजे हे अगदी त्या पंख्यांसारखं..."

एवढ्यात फेस आला.

उजव्या खिडकीतून आला, डाव्या खिडकीतून आला, आणि छतावरची झडप टायवाल्याने हवेसाठी उघडून ठेवली होती, तिच्यातून तर असा आला की जणू वर कोणीतरी म्हैस धूत होतं! मग ब्रश आला. त्याने आधी पडदा ओढून नेला, मग बेसिनवरचा साबण, मग चष्मेवाल्यांच्या डोळ्यांवरची पट्टी. चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. समोर बायको होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, फक्त डोळे काळे.

"आता बरं दिसतं?" तिने विचारलं.

त्यांनी सवयीने नाकावरचा नसलेला चष्मा सारखा केला.

शेवटी पाण्याचा फवारा, मग गरम हवा. बोगद्याच्या टोकाला चाकं थांबवायला एक लोखंडी उंचवटा होता. चाकं त्याला टेकली आणि गाडी थांबली. बंद पडली नाही, थांबली. आपली घुरघुरत उभी राहिली, पाहुणा दारात उभा राहतो तशी.

गमबूटवालीने पुढचं दार उघडून आत उडी घेतली. "अगं बाई, इथे एक पेडल कमी आहे!" असं ओरडून तिने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मग तिने पलीकडून मधल्या दाराचा खटका दाबला आणि दार अलगद उघडलं.

तिघं रांगेत उभे होते. चष्मेवाल्यांच्या हातात पेला होता. काठोकाठ भरलेला, फेसाचा.

"धुण्याआधी काचा वर घ्यायच्या असतात," गमबूटवाली म्हणाली, आणि पुढच्या गाडीला हात दाखवायला निघून गेली.

*

बसमावशी ओल्या बाकावर बसली. हसली नाही, ओरडली नाही. तिचा असा चेहरा चष्मेवाल्यांनी एकदाच पाहिला होता, त्या झोपलेल्या पोराच्या दिवशी.

"मुलीला फोन करा," ती म्हणाली. "खोली आवर म्हणावं."

"अगं..."

"गाडी सोडून मागे आले मी! चालती गाडी! एवढी वर्षं एक ओरखडा नाही, आणि आज आत माणसं असताना... पुढे एखादं पोर असतं तर?"

"नव्हतं ना पण."

"असतं तर?"

समजूत काढणं हा चष्मेवाल्यांचा प्रांत नव्हता. त्यांनी आयुष्यभर लोकांना फक्त भिंगं बदलून दिली होती. म्हणून ते तिच्या शेजारी बसले आणि ओला चष्मा ओल्या शर्टाने पुसत राहिले. टायवाला खटका खिशात घालून बाहेर गेला.

बसमावशीने मान वळवून चालकाच्या जागेकडे पाहिलं.

"पण ती बंद का नाही पडली?"

"काय?"

"गिअरमध्ये ठेवली होती मी. पाय काढला. बंद पडायला हवी होती. माझी बस पडायची."

चष्मेवाल्यांनी जपून पेला खाली ठेवला. दोन्ही तळहात समोरासमोर धरले, मधे जरा जागा ठेवून.

"तुझ्या बसमध्ये इंजिन आणि चाकं एकमेकांना घट्ट धरून असायची. चाक थांबलं की इंजिनाचा गळा आवळला जायचा. इथे कोणी कोणाला धरलेलंच नाही. मधे फक्त तेल. चाक थांबवलं तरी हे आपलं फिरत राहतं आणि हळूहळू ढकलत राहतं. ब्रेक सोडला की निघालं!"

"म्हणजे ती कायम निघायच्याच बेतात असते?"

"कायम."

"आणि थांबवते कोण?"

"तू. ब्रेकने. आणि उठायचं असेल तर आधी दांडा 'पी'वर टाकायचा. म्हणजे आत खिट्टी पडते."

बसमावशीने लांबूनच दांड्यावरची अक्षरं वाचून पाहिली. फेस तिच्या भुवईवरून खाली घसरला.

"माझी बस म्हाताऱ्या हेडमास्तरांसारखी होती," ती शेवटी म्हणाली. "ढकलल्याशिवाय हलायची नाही. ही पोरांसारखी आहे. हात सोडला की पळाली."

"तसंच!"

"मग हे मला आधी नाही का सांगायचं? पंखे काय दाखवत बसलात!"

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, पण उठली. पुढे जाऊन चालकाच्या जागेवर बसली. चष्मेवाले तिच्या शेजारी बसले, सकाळपासून पहिल्यांदाच पुढे, आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून.

"मॅडम!" बाहेरून टायवाला धावत आला. "काकू! मावशी! मी काढतो ना मागे!"

"बाजूला व्हा."

तिने ब्रेकवर पाय ठेवला, दांडा 'पी'वर टाकून इंजिन चालू केलं. मग दांडा 'आर'वर, रिव्हर्सला. मग पाय नखभर उचलला. गाडी नखभर मागे आली. पाय टेकवला, थांबली. परत उचलला, परत आली. परत टेकवला. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पोरं रांगेत उभी करताना करायची तसा चेहरा करून बसली होती. मुळीच रागावलेला नाही, पण सुटका नाही असा.

"ए, थांब," ती गाडीला म्हणाली. "हं. ये आता. हळू."

ॲक्सिलरेटरला तिने हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा लावला नाही. एवढी मोठी गाडी नुसत्या ब्रेकच्या सैलावण्यावर सरकत होती.

"अहो, डाव्या पायाचं काय करू?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तो रिटायर झाला."

बसमावशीने डावा पाय पुढे पसरला. टाच टेकवली. पाऊल बोटांसकट हलवून पाहिलं, जणू दुसऱ्याच कोणाचं पाऊल आहे. आणि मग ती हसली. एवढी मनापासून हसली, की आपण बोगद्यात उलट्या दिशेने मागे निघालो आहोत, आणि बोगद्याला गाडी कुठल्या बाजूने आली याच्याशी काही घेणंदेणं नसतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ब्रश पुन्हा फिरायला लागले.

"काचा!" गमबूटवाली ओरडली. "काचा वर घ्याऽऽ!"

या खेपेला बसमावशीने आधी गाडी थांबवली, मग दांडा 'पी'वर टाकला, मग काचांची बटणं शोधली. क्रम अगदी बरोबर होता. फक्त काचांची बटणं सापडायला वेळ लागला, आणि तेवढ्यात फेस येऊन गेला.

आवारात परत आल्यावर तिने दांडा 'पी'वर टाकला, चावी काढली, मग दार उघडलं, उतरली, आणि गाडीला मागून-पुढून एक फेरी मारून आली. टायवाला हातात खटका घेऊन उभा होता.

"ही घेणार," ती म्हणाली. "हे दार मात्र दुरुस्त करून द्या. आणि पडदा."

"देतो मावशी. म्हणजे मॅडम. पण बाकीच्या दोन पुन्हा बघायच्या नाहीत का? सरांचं मत...?"

"हो, माझं मत!" ओले चष्मेवाले पुढे झाले. "तीन गाड्या मी डोळे बांधून तपासल्या. एवढा अभ्यास केला. मला कोणी विचारणार आहे की नाही, सर्वात चांगली कधी चालली ते?"

"तुम्ही सांगितलंत ना मगाशी," बसमावशी म्हणाली. "पुढे कोणी नव्हतं तेव्हा."

टायवाल्याने फार सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. चष्मेवाले काहीतरी म्हणणार होते, पण तोंड उघडल्यावर आधी बुडबुडाच निघाला. मुलीला फोन केला तो बसमावशीने. एवढंच म्हणाली की ती खोली कपड्यांनाच राहू दे.

तसं रस्ता नेईल तिकडे जाणं हे दोघांचं जुनंच. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा गाडी तिनेच आणली होती. ती गाडी तिच्या मामाची होती, आणि मामाला ते माहीत नव्हतं.